सोमवारपर्यंत

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि उल्हासनगरला पाच नंबरच्या बाजारात, साड्यांच्या एका दुकानाच्या वर, स्पोकन इंग्लिशचा क्लास घेत होते. माझी स्वतःची शाळा मराठी, अंबरनाथची. बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं एवढाच काय तो अधिकार. क्लासचे मालक वयस्कर सिंधी गृहस्थ होते, सगळे त्यांना सर म्हणायचे. मुलाखतीत मी तीनदा अडखळले, तरी त्यांनी मला ठेवून घेतलं. म्हणाले, "बेटा, जिसको थोडा आता है वही अच्छा सिखाता है. उसको याद रहता है, क्या नहीं आता था."

सरांनी कुठून कुठून जमवलेल्या पानांच्या झेरॉक्स होत्या, त्यावर क्लास चालायचा. बाजारहाटाचं एक पान, फोनवर बोलण्याचं एक, मुलाखतीचं एक. त्यात वेळेचं एक पान होतं. ऑन टाइम, इन टाइम, सिन्स, फॉर, बाय, टिल, फ्रॉम नाऊ ऑन. प्रत्येकापुढे एक नमुन्याचं वाक्य आणि खाली मुलांनी स्वतः करायच्या पाच वाक्यांसाठी रेघा. मला ते पान आवडायचं. त्यात फार समजावून सांगावं लागत नसे, वाक्यं केली की झालं, असं मला वाटायचं.

ती आली ती याच पानासाठी.

तिशीची असेल. बुवापाड्याहून यायची. काठापदराची साधी साडी, हातात कापडी पिशवी. टेबलाशी उभी राहून तिने सरांना विचारलं, "पूर्ण कोर्स नको मला. वेळेचं जेवढं असेल तेवढंच शिकवाल का?"

सर हसले. मला म्हणाले, "देखो, ड्रेस नहीं चाहिए, सिर्फ बटन चाहिए." पण तिला त्यांनी दोनच्या बॅचमध्ये बसवलं.

त्या बॅचला बहुतेक दुकानदारांच्या मुली असत, बारावी झालेल्या, लग्नाआधी थोडं इंग्लिश असावं म्हणून आलेल्या. ती त्यांच्यात वेगळी दिसायची. ती जीन्सचे धागे कापायचं काम घरी आणायची. उल्हासनगरच्या कारखान्यांतून शिवलेल्या पँटींचे गठ्ठे यायचे आणि बायका घरी बसून सुटे धागे कापून द्यायच्या. जीन्सच्या रंगाने तिच्या बोटांची टोकं निळी झालेली असत. पेन धरलं की ती टोकं वहीवर दिसायची. मी तिला ताई म्हणायचे, ती मला टीचर.

सातवीतून शाळा सुटलेली, पण डोकं तल्लख. सिन्स आणि फॉर शिकवताना मी म्हटलं, सिन्सला सुरुवात लागते आणि फॉरला लांबी लागते. बाकीच्यांना हे चार दिवस सांगावं लागलं. तिने एकदाच ऐकलं आणि लिहिलं, "आय ॲम कटिंग थ्रेड सिन्स मॉर्निंग." मी लाल पेनाने क्रियापद सुधारलं आणि शाबास म्हटलं. एकदा यस्टर्डे आणि टुमॉरो चालू असताना ती म्हणाली, "आपलं परवा बरं, टीचर. मागेही जातं, पुढेही जातं." मुली हसल्या, तीही थोडी हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तिच्या वाक्यांत नळाचं पाणी असायचं, रॉकेल असायचं, धाग्यांचे गठ्ठे असायचे. माणूस कोणी नसायचं. दुसऱ्या मुली माय ब्रदर, माय फादर, माय अंकल फ्रॉम दुबई असं काय काय लिहायच्या. मला हे आज आठवतं. तेव्हा मी वाक्यं तपासत होते, म्हणजे क्रियापदं तपासत होते.

बाय आणि टिल यायला तिसरा आठवडा उजाडला. मी फळ्यावर टिल लिहिलं आणि म्हटलं, "टिल म्हणजे पर्यंत." तिने लगेच हात वर केला. इतर वेळी ती आधी लिहून घ्यायची, मग विचारायची.

"टीचर, टिल मंडे म्हटलं तर मंडे त्यात आला का?"

हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता. पण नवशिक्या शिक्षकाला एक खोड असते, येत नसलं की तो मोठ्याने बोलतो. मी म्हटलं, "आला ना. क्लोज्ड टिल मंडे म्हणजे मंडेला बंद. ट्यूजडेला उघडणार."

"नक्की?"

"नक्की."

ती खाली बसली. उरलेल्या वेळात तिने वहीत काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्यानंतरचे तीन दिवसही नाही. मला वाटलं, धाग्यांचं काम जास्त आलं असेल.

पाचव्या दिवशी आली. चेहरा सुजल्यासारखा होता, मी तब्येतीचं विचारलं, तिने वही उघडली. आमचं अजून तेच पान चालू होतं. मी फळ्यावर लिहिलं, "द बँक इज क्लोज्ड टिल टेन." पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, बँक कधी उघडणार? मी म्हटलं, "दहाला. टिल टेन म्हणजे दहा वाजले की उघडली."

मागून ती उभी राहिली. "मग टिल मंडे म्हटल्यावर मंडे लागला की उघडायला पाहिजे ना, टीचर? तुम्ही तर तेव्हा म्हणालात, मंडे बंद."

वर्गात कोणीतरी फिसकन हसलं. मला ते लागलं. मी म्हटलं, "ताई, तासांचं वेगळं, वारांचं वेगळं. इंग्लिशमध्ये का, कसं, असं विचारत बसायचं नसतं. पाठ करायचं." आणि फळा पुसला.

इतक्या वर्षांनी या वाक्याची मला लाज वाटते. तासांचं वेगळं आणि वारांचं वेगळं, असं कुठल्याही पुस्तकात नव्हतं. ते मी त्या क्षणी बनवलं होतं.

क्लास सुटला, मुली जिना उतरून गेल्या. ती बसून राहिली. मी पंखा बंद केला तरी उठेना. मग तिने पिशवीतून एक डायरी काढली. शाळेची डायरी, वरून खाकी कव्हर, कव्हरला लेबल. लेबलवर इयत्ता पहिली. तिने मधलं पान बरोबर उघडलं. खूण वगैरे काही नव्हती, ती तिथेच उघडायची सवय त्या डायरीला झाली होती.

आत निळ्या शाईत बाईंच्या अक्षरात एकच ओळ होती. "डिअर पेरेंट्स, ड्यू टू रिपेअर वर्क स्कूल विल रिमेन क्लोज्ड टिल मंडे."

"हे काय लिहिलंय, सांगा," ती म्हणाली. "फळ्यावरचं नको. हे सांगा."

आणि मग तिने मला सगळं सांगितलं. अगदी सावकाश, जणू रोज मनात म्हणून म्हणून ते गुळगुळीत झालं होतं.

मुलगी एकच. नगरपालिकेच्या शाळेत न घालता इंग्रजी शाळेत घालायची, हा हट्ट दोघांचा. घराण्यात पहिलीच. नवरा मोरिवलीच्या एका कारखान्यात कामाला, दहावी शिकलेला. डायरीत काही लिहून आलं की तोच वाचायचा, आणि त्याला त्याचं कौतुक होतं. चाळीतल्या इतरांच्या मुलांच्या डायऱ्याही तो वाचून द्यायचा. त्या गुरुवारी संध्याकाळी त्याने ही ओळ मोठ्याने वाचली आणि म्हणाला, सोमवारपर्यंत बंद आहे. म्हणजे शुक्रवार, शनिवार सुट्टी, रविवार आहेच, सोमवारी जायचं. मुलगी सुट्टी मिळाली म्हणून पलंगावर उड्या मारायला लागली.

सोमवारी सकाळी तो पहिल्या पाळीला गेला. हिने मुलीला रिक्षात बसवलं. रिक्षा सात-आठ मुलांची, वेगवेगळ्या शाळांची. मुलीच्या शाळेतली दोन मुलं त्या दिवशी आली नव्हती. रिक्षावाल्याला वाटलं, आजारी असतील. शाळेच्या बोळात रिक्षा वळत नाही म्हणून तो तिला रोज बोळाच्या तोंडाशी सोडायचा, त्या दिवशीही सोडलं. शाळेच्या फाटकाला कुलूप होतं. दुरुस्ती अजून चालू होती आणि शाळा मंगळवारी उघडणार होती.

"समोरच्या दुकानदाराने पाहिली होती तिला," ती म्हणाली. "पायरीवर बसली होती म्हणे तासभर. त्याला वाटलं, कोणी न्यायला येणार असेल. मग ती उठून घरी निघाली. रस्ता माहीत होता तिला. हुशार होती."

कारखान्यांकडे वळणाऱ्या रस्त्यावर एकजण टेम्पो मागे घेत होता. चालवणाऱ्याला ती दिसली नाही.

मी विचारलं, "किती वर्षांची होती?"

"सहावं लागलं होतं."

खालच्या दुकानात कोणीतरी साड्यांचा भाव करत होतं, ते वर ऐकू येत होतं. ती पुढे बोलली.

"आठ महिने झाले. लोक म्हणतात, आईला इंग्रजी वाचता येत नव्हतं म्हणून पोर गेली. मी म्हणू देते. यांनी वाचलं होतं हे मी कोणालाच सांगितलं नाही, माझ्या आईलाही नाही. पण हे बोलायचेच बंद झालेत, टीचर. कामाला जातात, येतात, भिंतीकडे तोंड करून पडतात. दोन घास खातात न खातात. चाळीतलं कोणी पोर डायरी घेऊन आलं तर दार लावून घेतात. मग मी म्हटलं, आपण शिकू. यांनी बरोबरच वाचलं असेल तर मला यांना तसं सांगता येईल. त्यासाठी आले होते मी."

"आणि मी म्हटलं, मंडे बंद."

"हो. चार दिवस मला उठवलं नाही. यांना कसं सांगायचं की तुमचंच चुकलं? आणि नाही सांगायचं तर यांच्यासमोर बसायचं कसं?"

मी तिला तिथेच बसवून डायरी सरांकडे घेऊन गेले. सर दुसऱ्या खोलीत पेपर वाचत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ती ओळ वाचली, चष्मा काढला, पुन्हा घातला, पुन्हा वाचली. मग कपाटावरची जाड डिक्शनरी खाली घेतली. आम्ही दोघांनी टिल काढलं, अंटिल काढलं, बाय काढलं. नमुन्याची वाक्यं पुष्कळ होती. कुठे तो दिवस धरलेला वाटे, कुठे सोडलेला. मंडे धरायचा की नाही हे सांगणारं एकही नव्हतं.

सर म्हणाले, "दोनों होता है, बेटा. यही तो है." आणि मग एकदम चिडले. "ट्यूजडे से चालू है, इतना लिखने में क्या जाता था उनका?"

ते शाळेवर चिडले होते. माझ्या मात्र डोळ्यांपुढे माझाच फळा आला.

परत येऊन मी तिला सांगितलं की या वाक्याचे दोन्ही अर्थ होतात. लिहिणाऱ्या बाईंच्या मनात एक होता, तुमच्या यजमानांनी दुसरा घेतला, आणि दोन्ही बरोबर. मी तेव्हा जे बोलले ते चुकीचं बोलले.

तिने डायरी हातात घेतली. मग म्हणाली, "मराठीत तरी कुठे कळतं? सोमवारपर्यंत म्हटलं तर सोमवार धरला की सोडला? आपण रोज बोलतो, कोणी विचारत नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "हे लिहून द्याल?"

मी क्लासच्या नावाच्या कोऱ्या कागदावर मराठीत लिहिलं, की सदर वाक्यात सोमवारी शाळा सुरू असा अर्थही होतो, तो अर्थ घेणाऱ्याची चूक म्हणता येत नाही, वाक्य लिहिणाऱ्याने अधिक स्पष्ट लिहायला हवं होतं. सरकारी पत्रासारखं झालं ते. दुसऱ्या कुठल्या भाषेत लिहावं हे मला कळत नव्हतं. खाली सही केली. ती म्हणाली, "शिक्का मारा. शिक्का असला की यांना पटेल." सरांनी स्वतः येऊन शिक्का मारला आणि शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून उभे राहिले.

दोन दिवसांनी ती आली तेव्हा तिच्या चालण्यात फरक होता. "दिला कागद," म्हणाली. "दोनदा वाचला. काही बोलले नाहीत. पण जेवले. भाकरी मागून घेतली." मी त्या दिवशी घरी जाताना आईसाठी गजरा घेतला. काहीतरी चांगलं माझ्या हातून घडलं, असं मला फार दिवसांनी वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात, दोनची बॅच सुरू व्हायच्या आधी, जिन्यात एक माणूस उभा होता. कारखान्याचा खाकी शर्ट, हातात डबा. मला वाटलं, प्रवेशाची चौकशी करायची असेल.

"तुम्हीच ना त्या टीचर?" तो म्हणाला आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. मी शिक्का ओळखला.

मी म्हटलं, "वर या ना, बसा."

"नको. ती येईल दोनला." तो पायरीवरच उभा राहिला. "टीचर, हे तुम्ही तिच्या समाधानासाठी लिहिलंय की खरं आहे?"

"खरं आहे. डिक्शनरीत पाहून लिहिलंय. दोन्ही अर्थ होतात."

त्याने मान हलवली. कागदाची घडी परत घातली, पण खिशात ठेवला नाही.

"दोन्ही होतात हे मला तेव्हा माहीत असतं तर मी शाळेत जाऊन विचारलं असतं. सायकल होती. दहा मिनिटांचं काम. मला एकच अर्थ माहीत होता, आणि मला वाटत होतं मला इंग्लिश येतं. ही चूक नाही का?"

त्याला माझं उत्तर नको असावं. तो म्हणाला, "तिला सांगू नका मी येऊन गेलो ते. तिला वाटतंय मला बरं वाटलं. ती आता झोपते. दुपारी धागे कापता कापता एकदा गुणगुणत पण होती. तेवढं राहू दे."

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी जेवतो तिच्यासमोर," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

दोनला ती आली. मी फ्रॉम नाऊ ऑन शिकवलं. तिने पाच वाक्यं लिहिली. एकात लिहिलं होतं, माय हजबंड इज टेकिंग फूड फ्रॉम नाऊ ऑन. इंग्लिशमध्ये तसं म्हणत नाहीत. मी लाल पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. बरोबरची खूण करून वही परत दिली.

वेळेचं पान संपलं तशी ती यायची थांबली. जाताना पेढे घेऊन आली, सरांच्या पाया पडायला वाकली तर सरांनी पाय मागे घेतले. पुढे सरांची प्रकृती बिघडली, क्लास बंद झाला, मी एका ऑफिसात टायपिंगच्या कामाला लागले.

तीन-चार वर्षांनी ऑफिसच्याच कामाने मी बदलापूरला गेले होते. भाजीच्या गाड्यापाशी कोणीतरी "टीचर" म्हणून हाक मारली. मागे वळले तर ती. थोडी जाड झालेली, बोटं स्वच्छ. धाग्यांचं काम सोडलं होतं, एका पोळीभाजी केंद्रात जात होती. बुवापाड्याचं घर सोडून ते इकडे आले होते, नव्या इमारतीत भाड्याने. "चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही," म्हणाली आणि माझी पिशवी हातातून घेतली.

तिसरा मजला, जिन्याला अजून चुन्याचा वास. एक खोली आणि स्वयंपाकघर. मूल दुसरं झालेलं नव्हतं, तिने आपणहून सांगितलं, मी विचारलं नव्हतं. चहा गाळत होती तेवढ्यात तो कामावरून आला.

"अहो, या माझ्या टीचर," ती म्हणाली. "उल्हासनगरच्या."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. केस पिकले होते, डोळे तेच होते. मग त्याने हात जोडले आणि पहिल्यांदाच भेटतोय अशा आवाजात म्हणाला, "बसा, बसा. हिच्याकडून फार ऐकलंय तुमच्याबद्दल."

तो हातपाय धुवायला आत गेला. ती माझ्याजवळ सरकून हळू आवाजात म्हणाली, "त्या कागदाने फार केलं हो, टीचर. तेव्हापासून माणसात आले. नाहीतर मी यांनाही घालवलं असतं."

न्हाणीघर चार पावलांवर होतं आणि आत नळ चालू नव्हता. त्याला ऐकू गेलं असणार. तो तोंड पुसत बाहेर आला, माझ्या समोर उभा राहिला आणि म्हणाला, "खरं आहे. तुमचे उपकार झाले." बोलताना त्याने नजर हलवली नाही. मी कप बशीत ठेवला. "असं काही नाही," मी म्हटलं.

दोघांनी मला आग्रहाने एक एक चकली खायला लावली. तो तिला म्हणाला, डबा आणखी भरून दे यांना. ती म्हणाली, तुम्हाला उद्याला उरायला नकोत का? दोघं असं घरगुती बोलत होते, आणि मला त्यात काही खोटं सापडत नव्हतं. तो इतकी वर्षं तिच्यासमोर जेवत होता. कदाचित त्या जेवण्यातूनच पुढे काही खरं आलं असेल. कदाचित नसेल. मला विचारायचा अधिकार नव्हता, आणि विचारायला तो मला एकटा सापडलाच नाही.

खाली ती मला सोडायला आली. रिक्षा मिळत नव्हती. ती सांगत होती की इथे पाणी एक दिवसाआड येतं पण गोड आहे, समोरच्या मोकळ्या जागेवर आणखी दोन इमारती येणार आहेत, मग त्यांच्या खिडकीतून डोंगर दिसायचा नाही. माझं लग्न ठरलं का, तेही विचारलं. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "ठरेल हो." मग एक रिक्षा थांबली आणि मी बसले.